मॅक्रोलाइड प्रतिजैव पदार्थ

मॅक्रोलाइड प्रतिजैव पदार्थ : मोठे लॅक्टोन वलय आणि त्यास जोडलेल्या एक वा अधिक शर्करा अशी रेणवीय संरचना असलेल्या प्रतिजैव (सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणाऱ्या वा त्यांचा नाश करणाऱ्या) पदार्थांचा गट. एरिथ्रोमायसीन हे या गटातील आद्य औषध होय. स्पायरामायसीन, रॉक्सिथ्रोमायसीन, क्लॅरिथ्रोमायसीन व ॲझिथ्रोमायसीन ही त्याच गटातील इतर परिचित औषधे आहेत. घसा, गिलायू (टॉन्सिल), मध्यकर्ण, नासाकोटरे (नाकाभोवतालच्या हाडांतील पोकळ्या) व फुप्फुसे यांच्या सूक्ष्मजंतुजन्य विकारांवर ही औषधे दिली जातात. पेनिसिलीन ज्यांना सोसत नाही अशा रुग्णांसाठी पर्याय म्हणून ती प्रचारात आली. पुढे घेण्यास सुलभ व सहसा निरुपद्रवी अशी त्यांची ख्याती झाली आणि पर्यायी औषधाला प्रथम पसंती मिळू लागली. या बदलाचे जे परिणाम झाले त्यांवरून ही औषधे सुरक्षितपणे कशी वापरावीत याविषयीचे आजचे नियम ठरले आहेत.

पूर्वपीठिका : घसा दुखण्याचे बहुतेक प्रकार व्हायरसजन्य असतात व ते औषधावाचून आठवड्याभरात बरे होतात. लहान मुलांत सु. २० ते ३० टक्के व प्रौढांत सु. ५ ते १५ टक्के वेळा मात्र अ गटातील स्ट्रेप्टोकॉकस हे साखळीच्या आकारात वाढणारे सूक्ष्मजंतू घसादुखीस कारणीभूत असतात. हे दुखणेही बहुधा आपोआप थांबते. पण काही रुग्णांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. या विकारास संधिज्वर म्हणतात. घशाच्या विकारात औषध देण्याचा मुख्य हेतू घसा लवकर बरा करणे हा नसून हृदय वाचविणे हा असतो, ही गोष्ट सामान्यतः ध्यानात घेतली जात नाही.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील वॉरन विमानदल तळावर सैनिकांमध्ये स्ट्रेप्टोकॉकसजन्य घसादुखीच्या साथी वारंवार येत. तेथे चार्ल्स रॅमेलकँप यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या फ्लॉइड डेनी, लुइस वॉनमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये असे दाखवून दिले की, घशाच्या विकारात वेळीच पेनिसिलीन दिल्यास संधिज्वर टळतो. दुखणे सुरू झाल्यावर नऊ दिवसांपर्यंत उपचारास विलंब झाला, तरी हा लाभ मिळतो असेही पुढे आढळून आले. म्हणजे घाईने औषध सुरू करण्यापेक्षा घशातील सूक्ष्मजंतू समूळ नाहीसे होणे अधिक महत्त्वाचे आहे. तोंडाने घ्यावयाच्या पेनिसिलिनाचा दहा दिवसांचा उपचारक्रम यातूनच रूढ झाला. पेनिसिलिनाची ॲलर्जी असलेल्या रुग्णांचे काय करावे हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

शोध व उत्पादन : या प्रश्नाचे उत्तर फिलिपीन्समधून आले. तेथील इलोइलो येथे राहणारे डॉक्टर आबेलार्दो आगीलार हे एली लिली या अमेरिकन औषध कंपनीसाठी काम करीत. कंपनीच्या शोधमोहिमेचा भाग म्हणून १९४९ मध्ये त्यांनी त्या भागातील मातीचे नमुने इंडियानापोलिसला धाडले. त्यांपैकी एका नमुन्यातून स्ट्रेप्टोमायसीज एरिथ्रियस हा सूक्ष्मजंतू अलग करण्यात आला. (१९८७ पासून त्याचे सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया असे वर्गीकरण केले जाते.) त्याने निर्माण केलेल्या प्रतिजैव पदार्थाचे वर्णन जे. एम. मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. एरिथ्रोमायसीन हे नाव सूक्ष्मजंतूच्या जातिनामावरून पडले असून ‘तांबडा’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशी आहे. कंपनीने मात्र इलोइलोची आठवण ठेवून त्याला इलोटायसीन असे व्यापारी नाव दिले. १९५३ मध्ये अमेरिकेत मिळालेले एकस्व (पेटंट) कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या नावावर होते. ज्याने माती पाठविली त्या डॉक्टराचे नाव त्यात नव्हते. आगीलार यांनी पुढे मोबदल्याची मागणी केली व त्यांच्या देशात त्या मागणीची दीर्घकाळ चर्चा झाली.

मातीतून औषध व गावावरून नाव हा योग महाराष्ट्रातही आला आहे. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या काळात हॅमायसीन हे कवकनाशक शोधून काढले. ते ज्या सूक्ष्मजंतूपासून मिळाले त्याला स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे नाव देण्यात आले. हॅमायसिनाच्या रेणूतही मोठे लॅक्टोन वलय असते. परंतु ते पॉलिईन उपगटात मोडते. त्याचा परिणाम सूक्ष्मजंतूंवर नव्हे तर कवकांवर होतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचा अधिक विचार केलेला नाही.

एरिथ्रोमायसीन प्रचारात येताच त्याचे उत्साहाने स्वागत झाले. पेनिसिलिनाला दाद न देणाऱ्या पुंजगोलाणूंच्या (स्टॅफिलोकॉकसांच्या) संसर्गांनी त्या सुमारास रुग्णालये त्रस्त झाली होती. काही अमेरिकन रुग्णालयांत एरिथ्रोमायसीन सरसकट देण्यात येऊ लागले आणि अवघ्या काही महिन्यांतच त्यालाही न जुमानणारे पुंजगोलाणू तेथे मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. औषधाच्या जन्मकाळीच मिळालेली ही सूचना पुढील चाळीस वर्षे फारशी कोणी मनावर घेतली नाही.

संरचना व क्रिया : ‘मॅक्रोलाइड’ ही संज्ञा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी १९५७ मध्ये सुचविली. एरिथ्रोमायसिनाच्या वलयात १४ अणू असून त्यास क्लॅडिनोज व डेसोसामीन या दोन शर्करा जोडलेल्या असतात. ॲझिथ्रोमायसिनाचे वलय १५ अणूंचे व स्पायरामायसिनाचे १६ अणूंचे असते. या रेणूचे प्रयोगशाळेत संपूर्ण संश्लेषण करणे इतके अवघड ठरले की, वुडवर्ड यांच्या गटाने ते साध्य केल्याचे निबंध १९८१ मध्ये, म्हणजे वुडवर्ड यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले आणि त्यांवर ४९ लेखकांची नावे होती. औषधाचे उत्पादन आजही किण्वनानेच, म्हणजे सूक्ष्मजंतू टाक्यांत वाढवून केले जाते.

सूक्ष्मजंतूच्या कोशिकेत प्रथिने तयार करणारे रिबोसोम नावाचे सूक्ष्म घटक असतात. तयार होणारी प्रथिनाची साखळी रिबोसोमाच्या मोठ्या भागातील एका बोगद्यातून बाहेर पडते. मॅक्रोलाइड रेणू या बोगद्याच्या मुखाजवळ अडकून बसतो व साखळी पुढे सरकू शकत नाही. सूक्ष्मजंतूंची वाढ त्यामुळे खुंटते. ते नेहमीच तत्काळ मरतात असे नाही. ही क्रिया रासायनिक प्रयोगांवरून पूर्वीच अनुमानिलेली होती. २००१ च्या सुमारास क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने ती प्रत्यक्ष दिसू शकली. रिबोसोमाच्या संरचनेसंबंधीच्या कार्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्यंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्स व एडा योनाथ यांना विभागून देण्यात आले. यांपैकी रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरम येथे झाला व त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. मानवी कोशिकेतील रिबोसोमाची घडण वेगळी असल्याने या औषधांचा त्यावर तसा परिणाम होत नाही. त्यांच्या सुरक्षिततेचे हे मूळ कारण होय. तथापि ती सुरक्षितता केवळ रिबोसोमापुरती आहे.

जठर व यकृत : एरिथ्रोमायसिनाचा पहिला दोष जठरात दिसून आला. जठरातील अम्लाने त्याचा रेणू मोडतो. त्यामुळे गोळीवर अम्लरोधी लेप देणे वा औषधाची एस्टरे व लवणे बनविणे असे उपाय योजण्यात आले. त्यांपैकी एस्टोलेट हे एस्टर अम्लात टिकते व चांगले शोषले जाते. परंतु ते दहा-बारा दिवस घेतलेल्या काही प्रौढांत पोटदुखी व ताप येऊन कावीळ होते असे आढळून आले. औषध बंद करताच ही कावीळ बहुधा ओसरते आणि पुन्हा दिल्यास उलटते. गर्भवती स्त्रियांत या एस्टरामुळे यकृताच्या कार्यात बिघाड होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे १९७७ मध्ये निदर्शनास आले. तेव्हापासून गरोदरपणात एस्टोलेट वर्ज्य मानतात.

पोटात मुरडा येणे, मळमळ व जुलाब या तक्रारी तर इतक्या सर्रास आढळतात की, अनेक रुग्ण त्यामुळेच औषध अर्ध्यावर सोडीत. यामागे अम्लाचा दोष नसून एरिथ्रोमायसिनाचा रेणू आतड्याला चालना देणाऱ्या मोटिलीन या हॉर्मोनाची नक्कल करतो, हे १९८० नंतर स्पष्ट झाले. नवजात अर्भकांत याच गुणधर्माने गंभीर रूप धारण केले. १९९९ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे डांग्या खोकल्याचा संसर्ग झाल्याच्या शंकेवरून सु. २०० अर्भकांना प्रतिबंधक म्हणून एरिथ्रोमायसीन देण्यात आले. त्यांपैकी सात अर्भकांच्या जठराचे निर्गमद्वार आकुंचित झाले व त्यांवर शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्या काही आठवड्यांतील बालकाला मॅक्रोलाइड देताना आज जी विशेष दक्षता घेतली जाते, ती या घटनेनंतरची आहे.

नवी औषधे : अम्लात न मोडणारा रेणू बनविण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू होते. जपानमधील ताइशो कंपनीच्या संशोधकांनी एरिथ्रोमायसिनाच्या वलयावरील सहाव्या स्थानी असलेल्या हायड्रॉक्सी गटाचे मेथिलीकरण करून क्लॅरिथ्रोमायसीन मिळविले. तत्कालीन यूगोस्लाव्हियातील झाग्रेब येथील प्लिव्हा या कंपनीत स्लोबोदान जोकिच यांच्या नेतृत्वाखाली गाब्रियेला कोब्रेहेल, गोर्याना राडोबोल्या-लाझारेव्हस्की व झ्रिंका तांबुराशेव यांनी १९८० मध्ये वलयातच नायट्रोजनाचा एक अणू बसविण्यात यश मिळविले. ॲझिथ्रोमायसीन ते हेच. १९८१ मध्ये त्यासाठी यूगोस्लाव्हियात एकस्वाचा अर्ज करण्यात आला, १९८६ मध्ये फायझर या अमेरिकन कंपनीशी करार झाला व १९८८ पासून सुमामेड या नावाने ते विकले जाऊ लागले. अमेरिकेत क्लॅरिथ्रोमायसीन व ॲझिथ्रोमायसीन या दोहोंना १९९१ मध्ये परवानगी मिळाली.

ॲझिथ्रोमायसिनाचा खरा विशेष त्याच्या टिकाऊपणात आहे. ते रक्तातून त्वरेने ऊतकांत व श्वेत कोशिकांत शिरते, तेथे साठून राहते व हळूहळू बाहेर पडते. शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सु. ६८ तास लागतात. एरिथ्रोमायसिनाची गोळी दिवसातून चार वेळा दहा दिवस घ्यावी लागे. त्याऐवजी दिवसाला एक गोळी, तीही तीन किंवा पाच दिवस, असा उपचारक्रम शक्य झाला. रुग्णाच्या व वैद्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. परंतु औषध बंद केल्यावरही आठवडे-दोन आठवडे त्याचे अत्यल्प प्रमाण शरीरात रेंगाळते. सूक्ष्मजंतूंना मारण्यास ते अपुरे असते. रोधी (औषधाला न जुमानणाऱ्या) सूक्ष्मजंतूंना मात्र निवडून वाढण्यास पुरेसा अवसर त्यामुळे मिळतो. बेल्जियममधील संशोधकांनी २००७ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, ॲझिथ्रोमायसीन वा क्लॅरिथ्रोमायसीन यांच्या एकाच उपचारक्रमानंतर तोंडातील रोधी स्ट्रेप्टोकॉकसांचे प्रमाण वाढते व ही वाढ सहा महिन्यांपर्यंत टिकून राहते. [⟶ प्रतिजैव पदार्थ].

रोध आणि फिनलंडचा प्रयोग : अ गटातील स्ट्रेप्टोकॉकसाचा पेनिसिलिनाला खरा रोध दाखविणारा वाण आजवर रुग्णांत आढळलेला नाही. मॅक्रोलाइडांची गोष्ट वेगळी आहे. सूक्ष्मजंतू रिबोसोमावरील नेमक्या त्या जागी एक मेथिल गट चिकटवून औषधाला जागाच नाकारतात किंवा आत आलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतात. यांपैकी पहिली युक्ती साधलेले सूक्ष्मजंतू क्लिंडामायसीन या निराळ्या गटातील औषधालाही दाद देत नाहीत. जपानमध्ये मॅक्रोलाइडांचा वापर भरमसाट वाढला तेव्हा १९७४ मध्ये तेथील अ गटातील स्ट्रेप्टोकॉकसांपैकी ६० टक्क्यांहून अधिक वाण एरिथ्रोमायसीनरोधी असल्याचे दिसून आले.

या बाबतीत फिनलंडचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तेथे घसादुखीच्या रुग्णांकडून मिळालेल्या अ गटातील स्ट्रेप्टोकॉकसांत १९८८-८९ मध्ये सु. ५ टक्के वाण एरिथ्रोमायसीनरोधी होते. १९९० मध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांवर गेले. हेलेना सेप्पेले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाढ व त्या त्या भागातील औषधाचा खप यांचा संबंध जोडून दाखविला. १९९१ च्या अखेरीस देशातील वैद्यांना अशी सूचना देण्यात आली की, बाह्यरुग्णांच्या श्वसनमार्गाच्या व त्वचेच्या संसर्गांत मॅक्रोलाइडांचा वापर कमी करावा. त्यासाठी कोणताही नवा कायदा करावा लागला नाही. एका वर्षात खप दर हजार लोकसंख्येस रोज २·४० मात्रांवरून १·३८ मात्रांवर आला. रोध मात्र लगेच घटला नाही. १९९२ मध्ये तो उलट १६·५ टक्क्यांपर्यंत चढला होता. त्यानंतर तो सावकाश उतरत १९९६ मध्ये ८·६ टक्क्यांवर आला. संपूर्ण देशाने एखाद्या प्रतिजैव पदार्थाचा वापर आवरता घेतल्याने रोध घटल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण असून प्रतिजैव पदार्थांच्या वापरासंबंधीच्या चर्चेत ते वारंवार दिले जाते. मात्र उतार यायला चार वर्षे लागली, हेही त्यातून दिसते. चढ दोन वर्षांत आला होता.

नासाकोटरशोथ : नासाकोटरांच्या विकारात मॅक्रोलाइडांचे स्थान याहूनही डळमळीत आहे. साध्या सर्दीतही नासाकोटरांचे अस्तर सुजते, कपाळ व गाल जड होतात आणि स्राव दाट, पिवळा वा हिरवा होतो. स्रावाचा रंग पाहून सूक्ष्मजंतुसंसर्गाचे निदान करण्याची पद्धत जनमानसात रुजलेली असली, तरी ती चुकीची आहे. तो रंग रोग्याच्याच श्वेत कोशिकांमुळे येतो. सर्दीच्या शंभरांपैकी फार तर दोन रुग्णांत सूक्ष्मजंतुजन्य नासाकोटरशोथ उद्भवतो. तक्रारी दहा दिवसांहून अधिक काळ मुळीच कमी न होता टिकणे, आरंभीच ३९° से. वा अधिक ताप व पूयुक्त स्राव सलग तीन-चार दिवस असणे किंवा सर्दी उतरू लागल्यावर पुन्हा उलटून बळावणे, या तीन खुणांपैकी एखादी असेल तरच प्रतिजैव पदार्थाचा विचार करावा असे मानले जाते. तेव्हाही मॅक्रोलाइड हा प्रारंभीचा उपचार ठरत नाही. या विकारातील प्रमुख सूक्ष्मजंतू न्यूमोकॉकस हा असून अमेरिकेत त्याचे सु. ३० टक्के वाण मॅक्रोलाइडांना रोधी झाल्याने तेथील संसर्गरोगतज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये अशा प्रसंगी ही औषधे न देण्याची शिफारस केली व ॲमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्यूलानेट या मिश्रणास पसंती दिली.

रोधी न्यूमोकॉकसावर मात करण्यासाठी एरिथ्रोमायसिनाच्याच रेणूत फेरफार करून टेलिथ्रोमायसीन हे औषध तयार करण्यात आले. यूरोपात २००१ मध्ये व अमेरिकेत २००४ मध्ये त्याला परवानगी मिळाली व नासाकोटरशोथ हा त्याच्या मान्य उपयोगांपैकी एक होता. २००६ च्या प्रारंभी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील तीन रुग्णांना त्यामुळे यकृताची तीव्र इजा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक रुग्ण दगावला व एकाचे यकृत बदलावे लागले. स्नायुदौर्बल्याच्या मायास्थिनिया ग्रेव्हिस या विकाराचे रुग्णही या औषधाने अत्यवस्थ झाले. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नासाकोटरशोथ व दीर्घकालिक श्वासनलिकाशोथाची तीव्र उचल यांवरील त्याच्या वापराची मान्यता काढून घेतली. फुप्फुसशोथासाठीची मान्यता तेवढी राहिली. जो विकार बहुधा आपोआप बरा होतो त्यासाठी यकृत पणाला लावणे समर्थनीय नाही, हा त्यामागील विचार होता. कालांतराने या औषधाचे उत्पादनही थांबले.

हृदय व इतर औषधे : एरिथ्रोमायसीन व क्लॅरिथ्रोमायसीन ही यकृतातील सायटोक्रोम ३ए४ या एंझाइमाचे कार्य रोखतात. इतर कितीतरी औषधांचा निचरा याच एंझाइमाकडून होत असल्याने ती औषधे रक्तात साचू लागतात. टर्फेनाडीन हे सर्दी व ॲलर्जीवरील औषध यामुळेच संकटात सापडले. घशासाठी एरिथ्रोमायसीन व नाक वाहते म्हणून टर्फेनाडीन अशी जोडी देणे अगदी स्वाभाविक वाटे. पण साचलेल्या टर्फेनाडिनामुळे हृदयाच्या विद्युत् आलेखातील क्यूटी अंतर वाढून काही रुग्णांत हृदयाची लय प्राणघातक रीत्या बिघडली. १९९८ मध्ये टर्फेनाडीन व २००० मध्ये त्याच प्रकारचा धोका असलेले सिसाप्राइड हे पोटाचे औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. कोलेस्टेरॉल कमी करणारे सिम्व्हास्टॅटीन, संधिरक्तावरील (गाउटवरील) कॉल्चिसीन, अपस्मारावरील कार्बामाझेपीन, दम्यावरील थिओफायलीन, रक्त साखळू न देणारे वॉर्फरीन, हृदयविकारावरील डिजॉक्सीन व अर्धशिशीवरील अर्गटजन्य औषधे यांच्याबाबतही अशीच सावधगिरी बाळगावी लागते.

ॲझिथ्रोमायसीन या एंझाइमावर फारसा परिणाम करीत नाही, म्हणून ते निर्धोक समजले जात असे. मे २०१२ मध्ये वेन रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेनेसी राज्यातील रुग्णांच्या नोंदींवरून असे दाखविले की, पाच दिवसांच्या उपचारकाळात ॲमॉक्सिसिलिनाच्या तुलनेने ॲझिथ्रोमायसीन घेणाऱ्यांत दर दहा लाख उपचारक्रमांमागे ४७ हृद्रोगजन्य मृत्यू अधिक झाले. ज्यांना हृदयविकाराचा धोका सर्वाधिक होता त्यांच्यात ही संख्या २४५ होती. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावरून इशारा प्रसृत केला. दहा लाखांत ४७ हे प्रमाण अल्प खरे. न्यूमोनियाच्या रुग्णाने त्यापायी औषध नाकारणे शहाणपणाचे ठरणार नाही. व्हायरसजन्य घसादुखीत मात्र औषधाचा लाभ शून्य असल्याने तेवढा धोकाही अकारण ठरतो. ज्यांचे क्यूटी अंतर जन्मतः वा इतर औषधांमुळे वाढलेले आहे, रक्तातील पोटॅशियम वा मॅग्नेशियम कमी आहे किंवा हृदयाचे ठोके फार मंद आहेत, अशांना मॅक्रोलाइड देण्यापूर्वी वैद्याने दुसऱ्या औषधाचा विचार करणे इष्ट असते.

भारतातील स्थिती : बडोद्याच्या अलेंबिक कंपनीच्या अल्थ्रोसीन या नावाने एरिथ्रोमायसीन भारतीय घरांत दीर्घकाळ परिचित होते. पुढे त्याची जागा ॲझिथ्रोमायसिनाने घेतली. खाजगी क्षेत्रातील औषधविक्रीच्या २०१९ मधील आकडेवारीवरून ॲझिथ्रोमायसिनाची ५०० मिग्रॅ.ची गोळी ही देशात सर्वाधिक खपणारी प्रतिजैव औषधाची गोळी ठरली. एकूण खपात तिचा वाटा ७·६ टक्के होता. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नये असा नियम आहे; परंतु तीन गोळ्यांची पट्टी दुकानातून मागून आणणे ही सर्वसामान्य प्रथा झाली आहे. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत ॲझिथ्रोमायसीन अनेक देशांत सरसकट देण्यात आले. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले व त्या रोगात त्याचा काहीही लाभ होत नसल्याचे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैव पदार्थांचे तीन वर्ग केले असून मॅक्रोलाइडांचा समावेश ज्यांच्या वापरावर नजर ठेवावी अशा वर्गात केला आहे.

तीन गोळ्यांच्या या प्रथेत आणखी एक वैगुण्य आहे. स्ट्रेप्टोकॉकसजन्य घसादुखी खरोखरच असेल, तर मुलांना ॲझिथ्रोमायसीन वजनाच्या दर किग्रॅ.ला रोज १२ मिग्रॅ. (कमाल ५०० मिग्रॅ.) याप्रमाणे पाच दिवस, म्हणजे एकूण ६० मिग्रॅ. द्यावे लागते. याच्या निम्मी एकूण मात्रा दहा दिवसांच्या प्रचलित उपचारांपेक्षा कमी परिणामकारक असल्याचे २००५ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले. एरिथ्रोमायसीन व क्लॅरिथ्रोमायसीन दहा दिवस घेणे आवश्यक असते. घसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळा होतो व रुग्ण औषध सोडतो. सूक्ष्मजंतू मात्र तेथे राहिलेले असू शकतात. नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे व डोळे लाल होणे ही लक्षणे व्हायरसाकडे बोट दाखवितात. याउलट एकाएकी चढलेला ताप, गिलायूंवरील पांढरा थर, मानेतील दुखऱ्या गाठी व खोकल्याचा अभाव ही लक्षणे स्ट्रेप्टोकॉकसाची शंका निर्माण करतात. तेव्हा घशातील स्रावाची तपासणी करून घेणे व निदान झाल्यास प्रथम पेनिसिलीन वा ॲमॉक्सिसिलीन घेणे हाच आजही मान्य मार्ग आहे. पेनिसिलीन सोसत नाही असे सांगणाऱ्या दहापैकी सु. नऊ जणांत तपासणीअंती ॲलर्जी आढळत नाही, म्हणून ही समजूत पडताळून पाहिल्यास मॅक्रोलाइडांची गरज बरीच कमी होते.

ज्यांना ॲलर्जी खरोखरच असते, त्यांच्यासाठी मॅक्रोलाइड हे आजही मोलाचे औषध आहे. संधिज्वरामुळे झडपा बिघडलेल्या रुग्णाला घशाचा संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन वा चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) देतात आणि हा क्रम अनेक वर्षे, कधी चाळिशीपर्यंत वा आजन्म चालू ठेवावा लागतो. पेनिसिलीन व सल्फा ही दोन्ही औषधे ज्यांना वर्ज्य आहेत असे रुग्ण तो काळ एरिथ्रोमायसिनाच्या २५० मिग्रॅ.च्या गोळीवर, सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे काढतात. त्यांच्या घशात शिरणारा स्ट्रेप्टोकॉकस रोधी असेल, तर त्या गोळीपासून त्यांना संरक्षण मिळत नाही.